बुडालेल्या शेतांचा सारा

खारजुव्याला जायचं तर आधी खाडीच्या पाण्याची वेळ विचारून निघावं लागतं, हे सुशांत खिलारीला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. कळलं होतं, पण अंगवळणी पडलं नव्हतं. तो जुन्नरकडचा, डोंगरातला माणूस. त्याच्या गावी पाणी वरून खाली जायचं आणि गेलं की गेलं. इथे ते दिवसातून दोनदा परत यायचं, आणि त्याच्या येण्याजाण्यावर माणसांची सगळी कामं ठरायची.

डोंबिवलीच्या मागच्या अंगाला खाडी रुंद होते, तिथे मधोमध हे बेट. दोन्ही तीरांवर वीस-वीस मजली इमारती उभ्या राहिल्या, तरी खारजुव्याला पूल नव्हता. विजेचे खांब पाण्यातून आले होते, मतदानाचं यंत्र होडीतून यायचं, आणि बाळंतीण अडली तर तीही होडीतूनच जायची. सरकार म्हणून जे काही बेटावर यायचं ते म्हणजे तलाठी. सुशांत तिथला तलाठी झाला तेव्हा तिशीचा होता. टिटवाळ्याला नव्या बिल्डिंगमध्ये वन बीएचके घेतलेला, बायको रुचिता एका क्लासमध्ये शिकवायची, मुलगी सान्वी नुकती चालायला लागलेली.

त्याचे वडील पंचायत समितीत शिपाई होते. गावचा तलाठी आला की ते टोपी काढून हातात धरायचे, आणि तो जाईपर्यंत परत डोक्यावर घालायचे नाहीत. सुशांतने ती टोपी लहानपणी इतक्या वेळा बघितली की, परीक्षा पास झाल्यावर त्याने मनाशी एकच ठरवलं. आपल्यासमोर कुणाला टोपी काढावी लागू नये. लोकांकडून घेणारे तलाठी खूप झाले, आपण देणारा व्हायचं. हे त्याने कुणाला बोलून दाखवलं नाही, पण त्याला स्वतःबद्दल जे काही आवडायचं ते सगळं या एका गोष्टीत होतं.

बेटावर तो आवडताही झाला. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी त्याने कुणाला दोन खेपा घालायला लावल्या नाहीत. म्हाताऱ्यांची कामं तो होडीच्या धक्क्यावर बसून, मांडीवर कागद ठेवून करून द्यायचा. लोक त्याला भाऊसाहेब म्हणायचे, आणि त्या म्हणण्यात भीती नव्हती.

मग एका पावसाळ्यात उधाणाच्या भरतीला वरून पूर आला आणि बेटाच्या पूर्वेचा बांध फुटला. हा बांध कुठल्या पिढीत घातला ते कुणालाच माहीत नव्हतं. चिखल, दगड आणि पेंढा रचून खाडी मागे सारली होती आणि आतल्या खाऱ्या जमिनीत भात काढला होता. बांध फुटला आणि त्या भातखाचरांत खाडी शिरली. पाऊस संपला तरी ती हटली नाही. भरतीला सगळं पाणी, ओहोटीला काळा चिखल. बायका तिथे चिखलातले निवट्या मासे आणि चिंबोऱ्या खेकडे धरायला लागल्या.

शेतसाऱ्याची वेळ आली तेव्हा सुशांतच्या लक्षात आलं की, ज्या जमिनीत भाताचं पातं उगवत नाही तिचा सारा लोक अजून भरतायत. रक्कम किरकोळ होती. शंभर-दीडशे रुपयांचा मामला. पण त्याला ते फार टोचलं. ज्या राज्याला यांना साधा धक्का बांधून देता येत नाही, ते बुडलेल्या शेताचाही सारा घेतं, म्हणजे काय! त्याने नियम काढून बघितले. पाण्याने नेलेल्या जमिनीचा सारा कमी करण्याची तरतूद होती. शेतकऱ्याने अर्ज करायचा, तलाठ्याने पंचनामा करायचा, क्षेत्र कमी करून फेरफार घालायचा. त्याने स्वतःच बसून सगळ्यांचे अर्ज लिहिले आणि घरोघर सह्या घेत फिरला. सोबत कोतवाल तानाजी म्हात्रे, तो बेटावरचाच.

लोकांनी सह्या केल्या. भाऊसाहेब सांगतायत म्हणजे आपल्या भल्याचंच असणार. अडली ती एक गंगुबाई भोईर. सत्तरी उलटलेली, नवरा आणि मुलगा दोघंही गेलेले, एक नात संचिता, ती ठाण्याला माजिवड्याकडे कुठल्याशा ऑफिसात नोकरीला होती. पूर्वेला सगळ्यात मोठं खाचर गंगुबाईचं.

"सारा कमी नको मना," ती म्हणाली. "मी देते ना. तुमी घ्या."

"आजी, अहो जमीन पाण्यात गेलीय. गेलेल्या जमिनीचे पैसे कशाला भरायचे?"

"कुठं गेली? तिथंच हाय. वर पानी हाय, खाली जमीन हाय. बांध घातला का परत वर येल."

सुशांत हसला. मग गंगुबाईने त्याला खाली बसवलं आणि एक हकिकत सांगितली, तिच्या आजेसासऱ्याने तिला सांगितलेली.

जुन्या काळात कुठल्यातरी राजाचं राज्य होतं. कोण पेशव्यांचं म्हणतं, कोण त्याच्याही आधीच्या फिरंग्यांचं. राजा कधी बेटावर आला नाही, त्याचे शिपाईही आले नाहीत. भात कापून झालं की कल्याणहून होडीने एक कारकून यायचा. भात, मीठ आणि सुकी मासळी यांतला राजाचा वाटा मापून घ्यायचा, बेटावरच्याच एका म्हाताऱ्याला मुखिया नेमायचा आणि निघून जायचा. राजाचं राज्य म्हणजे एवढंच. लोक त्याला शिव्या घालायचे. मग एक वर्ष कारकून आलाच नाही, तिकडे लढाई चाललेली. दुसऱ्या वर्षीही नाही. बेट खुश. भात घरातच राहिलं. तिसऱ्या वर्षी पलीकडच्या तीरावरून परके लोक होड्या घेऊन आले, उभं पीक कापलं आणि घेऊन गेले. बेटावरची माणसं कल्याणला फिर्याद घेऊन गेली, तर कचेरीत विचारलं, तुम्ही कोण? कुणाची रयत? वसुलात तर तुमचं गाव नाही. तेव्हा म्हाताऱ्यांनी घरातलं उरलंसुरलं भात होड्यांत भरलं, सगळा चुकलेला वाटा आपणहून कल्याणला नेला आणि कारकुनाच्या हातापाया पडून म्हणाले, घ्या. आमच्याकडून घ्या आणि आमचं नाव लावा.

"जो घेतो तो वलखतो तरी," गंगुबाई म्हणाली. "घेनाच बंद केला तं उद्या मना कोन वलखल?"

सुशांतला ही गोष्ट फार आवडली. गोष्ट म्हणून आवडली. त्याने तिला समजावलं की, आता राजा नाही, लोकशाही आहे, कम्प्युटर आहे, नाव असं कुठे जात नसतं. बराच वेळ समजावलं. शेवटी तिने अंगठा पुढे केला. "तुमी येवढा सांगताव तं घ्या," म्हणाली. पटलं म्हणून नाही, तर उन्हातान्हात दारी आलेल्या पोराला नाही म्हणवेना म्हणून. हे सुशांतला त्या वेळीही दिसलं होतं. तरी त्याने शाईचा पॅड पुढे सरकवला.

पंचनामा त्याने होडीतून केला. गेला तेव्हा भरती होती. ओहोटीपर्यंत थांबायचं तर दिवस जाणार, आणि सान्वीला ताप होता. जिकडे बघावं तिकडे पाणीच पाणी. तानाजी वल्हं थांबवून म्हणाला होता, "भाऊसाहेब, पानी उतरल्यावर येऊया का परत?" सुशांत म्हणाला, "त्याने काय फरक पडतो? भात तर नाही ना होत." आणि लिहून टाकलं, सदर क्षेत्र कायमचं खाडीपात्रात गेलं आहे. फेरफार मंजूर झाला. पूर्वेची खाचरं सातबाऱ्यावरून उतरली आणि खाडी म्हणून सरकारच्या नावावर चढली.

त्या वर्षी महसूल दिनाला जिल्ह्याच्या कार्यक्रमात त्याचा सत्कार झाला. स्वतःहून लोकांचा सारा कमी करणारा तलाठी म्हणून. शाल, श्रीफळ, फोटो. दोन शब्द बोला म्हणाले, तेव्हा त्याने गंगुबाईची हकिकत सांगितली, तिच्या बोलीची नक्कल करून. "सारा कमी नको मना!" सभागृह खळखळून हसलं. रुचिता पहिल्या रांगेत बसली होती. घरी येताना ती म्हणाली, "म्हातारीची नक्कल नको होती करायला." तो म्हणाला, "अगं, प्रेमानेच केली."

दोन वर्षांनी पुलाची बातमी आली. खाडीवरून नवा रस्ता जाणार होता, आणि त्याची आखणी नेमकी खारजुव्याच्या पूर्वेवरून होती. ज्यांची जमीन जाईल त्यांना मोबदला मिळणार, शिवाय घरटी एकाला नोकरीत प्राधान्य. बेटावर फटाके वाजले. यादी वाचायला सुशांतच बेटावरच्या शाळेत गेला. वाचताना त्याच्या ध्यानात आलं की, पूर्वेचं एकही नाव यादीत नाही. रस्ता जात होता तो सरकारच्या खाडीवरून. खाडीला कोण मोबदला देणार?

लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. मग कुणीतरी ओरडलं, "आमची खाचरा कुठं गेली?" दुसरा म्हणाला, "यानंच सह्या घेतल्या." एक तरुण अंगावर धावून आला, तानाजी मध्ये पडला. सुशांत काहीतरी बोलत होता, वर कळवतो, चौकशी करतो, पण स्वतःचाच आवाज त्याला दुरून ऐकू येत होता. गंगुबाई मागे भिंतीला टेकून बसली होती. ती ओरडली नाही. ती त्याच्याकडे बघतही नव्हती. पदराची दशी बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

त्यानंतर कितीतरी महिने तो बेटावर गेला नाही. कागद तानाजीच्या हाती पाठवायचा. कारणं भरपूर होती, निवडणूक, पीक पाहणी, साहेबांचा दौरा. ऑफिसात बसलं की तो स्वतःला समजवायचा. नियम होता, मी नियमाने केलं. पुलाचं कुणाला माहीत होतं? मी एक रुपया खाल्ला नाही. हे सगळं खरं होतं, आणि या खऱ्याने त्याला एक रात्रही धड झोप येत नव्हती. पैसे खाल्ले असते तर निदान काय चुकलं ते बोट ठेवून सांगता आलं असतं. इथे तो स्वतःच्या चांगुलपणावर खूश होता, आणि त्या खुशीपायी एका म्हातारीचं म्हणणं त्याने ऐकूनही घेतलं नव्हतं. वर ते सांगून लोकांना हसवलं होतं. सत्काराचा फोटो हॉलमध्ये होता. तो त्याने काढून कपाटावर उलटा टाकला. रुचिताने बघितलं, विचारलं नाही.

मग एक दिवस संचिता ऑफिसात आली. कामावरून अर्धी सुट्टी टाकून आलेली, गळ्यात ओळखपत्र तसंच. फेरफाराची नक्कल हवी होती, कोर्टात जायचं म्हणत होती.

"वकील म्हणतो, तुमच्या आजीने स्वतः अर्ज केलाय, आता काय करणार," ती म्हणाली. "मी घरी जाऊन तिला विचारलं, आजी, तू अर्ज का केलास? तर ती काय म्हणाली माहितीय? म्हणे, भाऊसाहेब बिचारा चांगला हाय, त्याला वाईट वाटला असता." संचिताचा आवाज चढला नव्हता. "सर, मला एवढंच सांगा, ती नाही म्हणाली होती की नाही?"

"म्हणाली होती," सुशांत म्हणाला.

"मग?"

सुशांतने फेरफाराची नोंदवही ओढली. नक्कल काढून तिच्यापुढे ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्याने तानाजीला फोन केला. "ओहोटी कधी आहे?" तानाजी म्हणाला, "सकाली या."

पूर्वेला पोचले तेव्हा पाणी उतरलेलं होतं. सुशांतने पँट दुमडली आणि चिखलात उतरला. पाय गुडघ्यापर्यंत आत जात होते. आणि चिखलातून सगळं दिसत होतं. खाचरांचे बांध, एकाला एक लागून, चौकोन चौकोन. फुटलेल्या मोठ्या बांधाचे दगड, रांगेत. कुणीतरी हद्दीला रोवलेले लाकडी खुंट. एका ठिकाणी तर बांध पुन्हा रचायला घेतलेला, हातभर झालेला आणि सोडून दिलेला.

"हे कुणी केलं?" त्याने विचारलं.

"गंगूमावशीच्या पोराने. बांध फुटला त्याच साली. मग कावीळ झाली त्याला, गेला," तानाजी म्हणाला. "सगले मिलून घालनार होते परत. तुमी सारा काढलाव, मग लोक बोल्ले, आता आपली नायच तं कशाला घाला."

सुशांत तिथेच उभा राहिला. खाडीने जमीन नेली नव्हती. माणसं ती परत मिळवायला निघाली होती, आणि त्याने ती कागदावर बुडवली होती. त्याला रडू आलं, पण तानाजीसमोर रडायची लाज वाटली, म्हणून तो वाकून पाय धुवत राहिला, चिखलाच्याच पाण्याने.

त्या आठवड्यात त्याने प्रांत कचेरीला द्यायला स्वतःच्या सहीने निवेदन लिहिलं. पंचनामा भरतीच्या वेळी होडीतून केला, प्रत्यक्ष जमिनीवर गेलो नाही, अर्ज लोकांनी मागितलेले नसून मीच लिहिले, एका खातेदाराने स्पष्ट विरोध केला होता तो नोंदवला नाही. त्याच्या वरच्या सर्कल साहेबांनी ते आधी वाचलं आणि दार लावून घेतलं.

"अरे, तुला कळतंय का काय लिहिलंस? खोटा पंचनामा केला असं तूच म्हणतोयस. मी मंजूर केलाय तो फेरफार, मलाही ओढतोस?"

"तुमच्यावर येणार नाही, सर. तुम्ही माझ्या रिपोर्टवर सही केलीत."

"लोक अपील करतील, लढतील, त्यांचं ते बघतील. तू कशाला मध्ये पडतोस? सस्पेंड होशील."

रुचिताला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. तिने ऐकून घेतलं. "हप्ते आहेत आपले," एवढंच म्हणाली. मग थोड्या वेळाने, "नाही दिलंस तर तू घरात असा किती दिवस वावरणार आहेस? सान्वीसुद्धा विचारते, बाबा रागावलाय का म्हणून. दे जा."

त्याने निवेदन दिलं, आणि सुनावणी झाली. प्रांतांसमोर बेटावरचे सगळे आलेले, गंगुबाईही, संचिताच्या खांद्याला धरून. सुशांतने उभं राहून सगळं सांगितलं. सरकारी वकिलाने विचारलं की, यांच्याकडून काही मिळालं म्हणून आता पलटताय का? मागून कुणीतरी हसलं. ते हसणं सुशांतला ओळखीचं वाटलं, सभागृहातल्या हसण्यासारखं, आणि त्याने मान खाली घातली. प्रांतांनी स्थळपाहणी लावली, ओहोटीला. मोजणीवाले चिखलात उतरले.

निकाल यायला वर्ष लागलं. फेरफार रद्द झाला, खाचरं परत खातेदारांच्या नावावर चढली. पण तोवर पुलाचे खांब पूर्वेला उभे राहिले होते. मोबदल्याची यादी बंद झाली होती, ती उघडायला वेगळं अपील, वेगळं कोर्ट. ते अजून चालू आहे. नोकरीतलं प्राधान्य ज्यांना द्यायचं त्यांना देऊन झालं. दोन घरांनी नाव परत चढल्याबरोबर एका बिल्डरला जमीन विकून टाकली. बांध कुणीच घातला नाही. पुलाच्या कामासाठी टाकलेल्या भरावाने पाण्याची वाटच बदलली होती.

सुशांतची वेतनवाढ रोखली गेली आणि बदली झाली मुरबाडच्या टोकाला. निलंबन टळलं. सहकारी म्हणायचे, सुटलास. त्याला तसं वाटत नव्हतं. नव्या गावात तो पंचनाम्याला गेला की सगळं दोन-दोनदा विचारायचा, लोक वैतागायचे. "साहेब, सांगितलं ना एकदा!" तरी तो विचारायचा.

आदेशाची प्रत गंगुबाईला टपालाने जाऊ शकली असती. सुशांत ती घेऊन स्वतः गेला. बेटावर नाही. गंगुबाई आता डोंबिवलीला होती, संचिताने भाड्याने घेतलेल्या जागेत, सहाव्या मजल्यावर. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, होडीत चढणं जमेना म्हणून नातीने आणली होती. दार संचिताने उघडलं. क्षणभर तिने त्याला बाहेरच उभं ठेवलं, मग बाजूला झाली.

"कोन?" आतून आवाज आला.

"मी सुशांत, आजी. तलाठी. खारजुव्याचा होतो."

गंगुबाई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. त्याने आदेश तिच्या हातात दिला, काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. तिने कागदावरून हात फिरवला, जिथे तिचं नाव होतं तिथे संचिताने तिचं बोट नेऊन ठेवलं.

"पूल झाला का?" गंगुबाईने विचारलं.

"होत आलाय."

"आमच्या खाचरात?"

"हो."

 खालच्या रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता. मग सुशांतने, जे इतकी वर्षं बोलायचं राहिलं होतं, ते म्हटलं. "आजी, माझं चुकलं. तुमचं ऐकायला हवं होतं. मला माफ करा."

गंगुबाईने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

"माझा पोरगा बांध घालत होता," ती म्हणाली. "तो असता तं त्याला इचारला असता. मी एकटीने कशी माफ करू? जमीन काय माझी एकटीची होती?" मग थोडं थांबून, त्याच्या दिशेने तोंड वळवून म्हणाली, "तुमची पोर कितवीला हाय आता?"

"दुसरीला," सुशांत म्हणाला.

"शिकवा तिला," गंगुबाई म्हणाली, आणि परत खिडकीकडे वळली. तिला त्या खिडकीतून काही दिसत नव्हतं. दिसलं असतं तरी समोर दुसऱ्या इमारतीची भिंतच होती.

संचिता त्याला दारापर्यंत सोडायला आली. "अपिलात साक्ष लागेल तुमची," ती म्हणाली.

"येईन."

"मुरबाडहून?"

"कुठूनही," तो म्हणाला. लिफ्ट आली होती, तरी तो जिन्याने खाली उतरला.